यमीचा डावा डोळा

माघ शु. ५, शके १८६७. नळदुर्ग

आमच्या यमीच्या डाव्या डोळ्यात चिमणीच्या उजेडात पांढरं चमकतं. मांजरासारखं. वैद्य म्हणाले फूल पडलंय, मध घाला. घालतोय. पटत नाही. फूल बुबुळावर बसतं, हे आत खोल आहे. भिंग धरून पाहिलं. यमीची आई म्हणाली, "तुमाला सगळंच कळतंय." कळतं. शिवणकाम मला कुणी शिकवलं? उर्दू कुणी शिकवली?

माघ शु. ९

कासीमभाईच्या लॉरीनं सोलापूरला. पुढच्या बाकावर आम्ही तिघं. निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर शिपाई गाठोडी सोडायला लागला. कासीमभाई खवळले, "पोरीचा डोळा दाखवायला चाललोय. गाठोड्यात काय बघतो, डोळ्यात बघ!" फाटक उघडलं.

माघ शु. १०. सोलापूर

डॉक्टरीणबाईंनी औषध घालून आत पाहिलं. फूल नाही, गाठ. कॅन्सर. लहान पोरांनाच होतो, म्हणाल्या. डोळा काढायचा, आणि लवकर. नाहीतर मेंदूत जाईल. मी विचारलं, उजवा? "आज तरी साफ आहे." आज तरी.

यमीची आई ओट्यावर जाऊन बसली. रडली नाही.

माघ व. १. नळदुर्ग

घरची व्यवस्था लावायला परत आलो. थोरले बंधू अण्णा आले. "पोरीची जात. डोळा काढल्यावर कोण करील तिला? तुळजापूरच्या आईला चांदीचे डोळे बोल अन् गप बस." मी म्हणालो, तुमच्या बैलाचा खूर सडला तेव्हा नवस बोललात, का खूर कापलात? अण्णा तडक उठले. पायताण विसरले. यमी धावत जाऊन देऊन आली.

यमीच्या आईनं मात्र नवस बोललाय. पोर वाचू दे, चांदीच्या डोळ्यांची जोडी वाहीन. बोलू दे. डोळा काढायचाच.

माघ व. ४

धाकट्या पोराला शेजारच्या खैरूनबी ठेवून घेणार. "तुम जाव बापू, इसकू मैं देखतूं." ऐन लगीनसराई, देशमुखांचा लेकीच्या लग्नाचा कोट अर्धाच शिवलेला. ते स्वतः दुकानात आले. म्हणाले, "जुन्या कोटावर लेक उजवतो, तू निघ." उपकार मला सोसत नाहीत. घेतले.

माघ व. ९. सोलापूर

काढला. शुद्धीवर आल्यावर यमीचं पहिलं बोलणं, "माझ्या बांगड्या कुठायत?" शेजारच्या खाटेवरची बाई चुकचुकली, "बिच्चारी." यमीची आई फणकारली, "बिचारी कशानं? हाय की जित्ती!" लग्नाला इतकी वर्षं झाली, हा आवाज ऐकला नव्हता.

फाल्गुन शु. ८. नळदुर्ग

यमीच्या डोळ्यावर बांधायला पट्टी शिवली. तिरपा काप, आतून मलमल, म्हणजे कड रुतत नाही.

नवसावरून घरात वाद. तिला जोडीच वाहायची. मी म्हणालो, पोरीला एक आहे, एकच वाहू. उजवा. सोनार ऐकेना. "बापू, एकटा डोळा कुणी घडवत न्हाय. आईपुढं अशुभ दिसतंय."

"माझी पोर अशुभ हाय का?"

सोनारानं भाता बाजूला ठेवला. मग जोडी मधून कापली, कड घासून गुळगुळीत केली. मी बोट फिरवून पाहिलं. काम चोख. यमीच्या आईनं उजवा डोळा पदराच्या गाठीत बांधून घेतला.

चैत्र शु. १, शके १८६८

पाडवा. यमी पट्टी ठेवतच नाही. इतकी नीट शिवलेली! गल्लीतली पोरं बघायला येतात, चिंच दिल्याशिवाय ही दाखवत नाही. आज अण्णा आले, म्हणाले, "पट्टी बांध गं, बघवत न्हाय."

"मग तुमी डोळे मिटा, अण्णा."

अण्णांना हसू आलं. दाबलं, पण आलं. जाताना तिच्या हातावर साखरेच्या गाठ्या ठेवून गेले.

चैत्र शु. ४

उद्या सोलापूर. उजवा डोळा तपासायचा. दिवसभर मशीनवर बसलो, टाके सरळ पडेनात, दोनदा उसवले. कासीमभाई तांबडं फुटताच येतो म्हणालेत. यमीच्या आईनं भाकरी बांधल्या, मग विचारलं, "काय सांगतील?"

माहीत नाही. मी म्हणालो, काय सांगायचं ते सांगू देत. जाताना अन् येताना यमीला खिडकीशी बसवायचं. मागं तोंड करून, म्हणजे उजव्या डोळ्याला बाहेरचं सगळं दिसेल.