एक धरायचा नाही

बाबा, हे लिहायचं मी किती टाळलं ते विचारू नका. पेन नव्हतं. पेन आणायला बाहेर पडलो तर मित्र भेटला, त्याच्याबरोबर थेट कोकणात गेलो. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "तुझ्या नोकऱ्यांमध्ये एकही समान अवयव नाही रे." खरंय. कुरिअर, मग कॅफे, मग ट्रेकवाल्यांची ओझी, आता बिबवेवाडीत सायकली दुरुस्त करतो. पण तुमचा खेळ सुटला नाही. दोनापासून सुरुवात. पुढचा आकडा आधी न आलेला, त्यातल्या त्यात सगळ्यात लहान, आणि मागच्या आकड्याशी त्याचा एखादा अवयव जुळला पाहिजे, म्हणजे दोघांनाही एकाच संख्येने भाग गेला पाहिजे. दोन, चार, सहा, तीन, नऊ, बारा. चाक फिरवताना तोंडात हेच चालू असतं.

खडकीचं क्वार्टर. तुम्ही कारखान्यातून आलाय, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बूट काढताय आणि म्हणताय, "दहा." मी ओरडतो, "पाच!" सात लवकर येत नाही म्हणून मी रडकुंडीला येतो. "मूळ संख्या आहे, बाळा. चौदा आल्याशिवाय ती यायची नाही." मी विचारतो, एकाने तर सगळ्यांनाच भाग जातो, मग सात आत्ताच का नाही? "म्हणूनच एक धरायचा नाही. धरला तर कुणीही कुणाच्याही मागे येईल. खेळ काय राहिला?"

आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुम्ही बाप-लेक आकड्यांत. मी कोण इथे, शून्य?"

"छे गं, तू एक. तुझ्यावाचून कुणाचं चालतंय!"

आपण दोघं केवढे हसलो. आईने पोळी उलटली. "एक ना? म्हणजे न धरायचा तो."

तुम्ही दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला वाकलात. मी मात्र म्हणालो, "बाबा, तुमची पाळी."

तुम्ही गेलात, क्वार्टर सोडावं लागलं, आई मामाकडे सासवडला गेली. तिच्यात आणि माझ्यात समान होता ते तुम्हीच, असं मी धरून चाललो. फोनवर ती विचारायची, "जेवलास?" मी म्हणायचो, "हो." ती म्हणायची, "बरं." मग फोन बंद. तेवढं रोज विचारणारं माणूस मी कधी धरलंच नाही. आता बरेच दिवस तिचा फोन नाही. मीही केला नाही. रुसली असेल, की दमली असेल, की तिनेही आता मला धरायचं सोडलं असेल? हे तुम्हाला विचारायला बसलो होतो. पाकिटावर पत्ता काय घालणार होतो कुणास ठाऊक.

थांबा. खाली कुणीतरी विचारतंय, "अहो, तो सायकलवाला मुलगा कुठल्या मजल्यावर?" तळमजल्याचे काका म्हणतायत, "चौकशीची खिडकी उघडलेली नाही आम्ही इथे. चढा वर, दिसेल."

आईचा आवाज आहे, बाबा. एकटीच आलेली दिसते. जिन्यात दम खातेय. मला धावत खाली जायला हवं, आणि मी इथे बसून तिच्याशी काय बोलायचं ते तुम्हाला विचारतोय.