मल्लम्माचा पगार आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, धुरपदाबाई भ्र. हिंमतराव पडवळ, वय ७४, निवृत्त शिक्षिका, रा. कळंब, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने माझी उजवी बाजू गेली. डोके शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही शंका असल्यास मला सतराचा पाढा विचारावा, मात्र वेळेत.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगा रणधीर यास द्यावे.

२. सोन्याच्या पाटल्या नातीला, ती अठरा वर्षांची झाल्यावर. तोवर सून राजेश्वरी हिने त्या बँकेत ठेवाव्यात, लग्नकार्यात घालून मिरवू नये.

३. पितळी घंगाळ नणंदबाईंना द्यावे. सासूबाई गेल्यापासून त्या ते मागत आहेत. मी रागाने दिले नाही. राग अजून आहे, पण घंगाळ धरून ठेवल्याने मला काही मिळाले नाही.

४. आता मल्लम्मा. यांचे पती बसवराज अडतीवर हमाली करतात. सहा वर्षांपूर्वी त्या नातीला सांभाळायला आमच्याकडे लागल्या, नऊ ते पाच, महिना सहा हजार. मी अंथरुणाला खिळले तेव्हा माझी आंघोळ, भरवणे, औषधे, कूस बदलणे आणि लिहायला लाज वाटते तेही त्यांच्याकडे आले. पगार तोच राहिला. यंदा नागपंचमीच्या आधी त्यांनी दहा हजार मागितले. रणधीरने पंचमीला त्यांना पाटावर बसवले, राजेश्वरीकडून साडी-नारळाने ओटी भरवली आणि शेजाऱ्यांसमोर सांगितले की त्या आता या घरची लेक आहेत. माहेरची ओटी घेतल्यावर पगाराचे नाव कोणत्या तोंडाने काढणार? त्या गप्प झाल्या. मीही गप्प बसले, कारण त्या काम सोडतील अशी मला भीती होती. त्याची मला शरम वाटते.

५. या कलमात मी आधी लिहिले होते की लेक म्हटले आहे, तर निम्मे घर लेकीला. रणधीरला अद्दल घडावी हाही हेतू होता. कच्चा मसुदा मी मल्लम्मांना वाचून दाखवला. त्या माझे पाय चोळत होत्या.

"बाई, मला लेक करू नगा," त्या म्हणाल्या. "लेकीनं आईचं केलं तर त्याला कुणी काम म्हणत न्हाय. म्या काम केलंय. कामाचं द्या."

ते कलम रद्द केले. खोडल्याची नोंद मात्र राहावी.

६. त्याऐवजी दोन वर्षांच्या पगारातला फरक माझ्या ठेवीतून द्यावा, असे लिहायला घेतले. वकील योगीराज म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. म्हणजे मल्लम्मांनी पैशासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची, आणि मला जगवायचे कामही त्यांनीच करायचे. हे मला पटले नाही. ठेव मोडली, फरकाचा धनादेश आज त्यांच्या हाती दिला आणि पावतीवर 'थकलेला पगार' असे लिहून घेतले. पेन्शनच्या खात्याचे एटीएम कार्ड रणधीरकडून परत घेतले आहे. या महिन्यापासून दहा हजार मी स्वतः देईन.

सबब, या मृत्युपत्राने मल्लम्मांना काहीही मिळणार नाही.

ठिकाण: कळंब
दि. १२ नोव्हेंबर २०२५

सही, डाव्या हाताने: धुरपदाबाई पडवळ

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. शांतलिंग, शेजारी
२. पार्वतम्मा, निवृत्त शिक्षिका