पान १७७ ते १९२

प्रिय वाळवी,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. छत्तीस वर्षांच्या बाईला, जिच्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, असं कोणी हाक मारतं का? पण दुसरं नाव लिहायला घेतलं की माझा हात अडतो. हे तुझ्या आईने ठेवलेलं. बाइंडरच्या घरात पुस्तकं खाणारी पोर जन्मली, आता याचा धंदा बसणार, असं ती शेजारणींना सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. फोनवर मी हे नाव घेत नाही, कारण फोनवर आपण हवामान आणि माझ्या गोळ्या यांच्यापलीकडे सहसा जात नाही. म्हणून पत्र. एक गोष्ट चोवीस वर्षं तुझ्यापासून लपवली, ती सांगायची आहे. ती कळल्यावर वर्षातून दोनदा येणारे तुझे फोनही बंद होतील, अशी मला भीती वाटते. तरी सांगणार आहे. फक्त मला माझ्या क्रमाने सांगू दे. आधी शेवटचं पान उघडून बघायची तुझी जुनी खोड आहे, ती आज आवर.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. सहा आठवडे वाचायचं नाही, वाकायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, तो मी पाळला. आता लख्ख दिसतं, आणि मी काय वाचतोय म्हणशील, तर दुकानातून आणलेल्या किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्या. हसू नकोस. चाळीस वर्षं ग्रंथालयाच्या बांधणीच्या खोलीत बसलो, हजारो पुस्तकं हातांखालून गेली, पण आत काय आहे ते क्वचित पाहिलं. पुस्तकाचा कणा बघून ते किती जणांनी वाचलंय, कुठल्या पानावर जास्त वेळ उघडं राहिलंय, हे मी डोळे झाकून सांगेन. गोष्ट विचारलीस तर माझी पाटी कोरी. आता वाचायला लागलोय, तर एक लक्षात आलं. या पुस्तकांतले आई-बाप एकतर दहाव्या पानाच्या आत मरतात, नाहीतर शेवटपर्यंत मूर्ख असतात. मधली सोय लेखकांनी ठेवलेलीच नाही. मी कुठल्या खात्यात, ते तू ठरव. आणि त्यातली पोरं काय सरळ प्रश्न विचारतात! मोठी माणसं भिंतीकडे बघायला लागतात असे प्रश्न. आधी मला त्यांचा रागच आला. मग वाटलं, भिंतीकडे बघणाराच चुकतोय.

आम्ही मोठी माणसं एकदा पुस्तक वाचतो आणि झालं वाचून म्हणतो. पुढचं पाठ, मागचं सपाट. तू तसं वाचायची नाहीस. शाळा सुटली की थेट माझ्या खोलीत यायचीस, कापायच्या यंत्राच्या मागे कागदांच्या गठ्ठ्यावर पालथी पडायचीस, वेणीचं टोक दातांत. चिकटवायच्या खळीच्या वासाने लोकांचं डोकं उठायचं, तुझी तिथे समाधी लागायची. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा. मी एकदा म्हणालो, अगं गोष्ट माहीत आहे ना तुला? तर म्हणालीस, गोष्ट माहीत आहे, पण मी गेल्या वेळेपेक्षा मोठी झालेय ना. बारावं लागलं होतं तुला. त्याच वर्षी आई गेली.

त्या वेळी तुला मावशीकडे पाठवलं होतं. सोबत सहा पुस्तकं बांधून दिली आणि अकरा दिवसांनी आणायला आलो, तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरी आल्यावर तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं, बरं झालं, पोर समजूतदार आहे. मग एके दिवशी तुझ्या हातातल्या कादंबरीत कोणाची तरी आई मेली. तू पुस्तक मिटलंस आणि दोन दिवस जेवली नाहीस. मी काय करू शकणार होतो? मला बोलता येत नाही, मला बांधता येतं. नवी पुस्तकं कपाटात जाण्याआधी पक्क्या बांधणीसाठी माझ्याकडेच यायची. त्या दिवसापासून कुमार विभागाचं प्रत्येक पुस्तक मी आधी चाळायला लागलो. वाचायचो नाही, फक्त दवाखाना, अंथरूण, पांढरी चादर असं काही दिसतंय का ते शोधायचो. दिसलं की शिवण उसवायची आणि तेवढा भाग काढून घ्यायचा. एक पान फाडलं तर जखम दिसते. पण सोळा पानांचा अख्खा फर्मा काढला, तर पुस्तक नुसतं थोडं बारीक होतं, कोणाला संशय येत नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय! गावातल्या सगळ्या पोरांनी माझ्या कात्रीतून गेलेल्या गोष्टी वाचल्या. ग्रंथपालबाईंना कळलं नाही, किंवा कळूनही त्या गप्प राहिल्या.

ते ट्रकचं पुस्तक तुला आठवतंय. आठवतंय म्हणजे काय, त्याच्यावरूनच तर सगळं झालं. मालट्रक चालवणारी आई आणि शेजारच्या सीटवर नकाशा धरून बसलेली तिची मुलगी. आईला खोकला होतो, वाढत जातो. पान एकशे शहात्तरवर आई घाट चढताना ट्रक बाजूला घेते, आणि लगेच एकशे त्र्याण्णववर मुलगी एकटीच चाकावर बसलेली. मधली सोळा पानं माझ्या टेबलाच्या खणात. आकडे का तुटलेत, असं तू विचारलंस. मी छपाईची चूक म्हणालो. बाइंडर बाप सांगतोय म्हटल्यावर तू मान डोलावलीस. मग थोड्या वेळाने गठ्ठ्यावरून म्हणालीस की, आई मागे झोपली असेल, दमली होती ना ती. मी यंत्र सुरू केलं, आवाजात बोलणं बुडावं म्हणून. तुझा शब्द न् शब्द ऐकू आला होता मला.

सतरा वर्षांची असताना तुला मैत्रिणीच्या घरी त्याच पुस्तकाची पूर्ण प्रत मिळाली. तू ती आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलीस, एकशे सत्त्याहत्तरावं पान उघडून, आणि मी हात धुऊन येईपर्यंत उभी राहिलीस. आरडाओरडा केला असतास तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस की, बाबा, तुम्ही आईचंही असंच केलंत, मला मधून काढून ठेवलंत. दुसऱ्या महिन्यात वसतिगृहात गेलीस आणि नंतर राहायला अशी आलीच नाहीस. मी मनात म्हणत राहिलो, रागाने गेली आहे, राग उतरेल. एकोणीस वर्षं झाली.

काढलेले सगळे फर्मे मी जपून ठेवले होते, निवृत्त होताना घरच्या खणात आणून. बाइंडरच्या हातून छापलेला कागद टाकवत नाही. ऑपरेशननंतर खण उघडला आणि ते एकेक करून वाचले, पहिल्यांदाच. काय सांगू तुला? मला वाटायचं, त्यात नुसतं मरण असणार. तसं नाही. त्या सोळा पानांत पोरं आईच्या पायांना तेल लावतात, तिच्याशी भांडतात, चुकलं म्हणून रडतात. एक पोरगी मेलेल्या बापाच्या चपला घालून अंगणात फेऱ्या मारते. ट्रकवाली तर शेवटच्या दिवशी मुलीला गिअर बदलायला शिकवते, खोकत खोकत, शिव्या देत. म्हणून एकशे त्र्याण्णववर ती पोर ट्रक चालवू शकते! मी ते काढून टाकलं आणि तुझ्या हातात अशी पोर दिली, जिला कोणी काही शिकवलं नाही, तरी तिने सगळं एकटीने करायचं. तू तशीच झालीस. तुझ्याबद्दल लोक म्हणतात की किती खंबीर आहे, कोणाकडे काही मागत नाही, तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं.

आता ग्रंथालयाची बातमी. निवृत्त झालो तरी दर गुरुवारी मी तिथे जायचो, हे तुला माहीत नाही. कुमार विभागातल्या खालून दुसऱ्या फळीवर ते ट्रकचं पुस्तक असायचं, हिरव्या कापडाच्या बांधणीतलं. मी ते काढायचो, मागच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के बघायचो, पुन्हा ठेवायचो. शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. पोरं तिकडे फिरकत नाहीत आता. तुझी लेकही फोनवरच वाचते म्हणालीस. ऑपरेशननंतर परवानगी मिळाल्याच्या पहिल्याच गुरुवारी गेलो, तर विभागच नाही. भिंतीला नवा रंग, परीक्षा देणाऱ्यांसाठी टेबलं मांडलेली, मुलं कानांत बोळे घालून अभ्यास करतायत. दहा वर्षं कोणी नेलं नाही ते पुस्तक बाद, असा नियम झाला होता आणि गाडी भरून सगळं कागद कारखान्यात लगद्यासाठी गेलं होतं. नव्या ग्रंथपालबाई भल्या आहेत, पाणी दिलं त्यांनी मला. नेमकं कुठलं पुस्तक हवं होतं काका, म्हणून विचारत राहिल्या. इतक्या गुरुवारांत मी ते एकदा जरी माझ्या नावावर घरी नेलं असतं, तर एक शिक्का पडला असता आणि ते फळीवर राहिलं असतं. मला सुचलंच नाही. चाळीस वर्षं तिथे काढून मी एकही पुस्तक कधी नावावर घेतलं नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला, एवढीच माझी हुशारी.

शुक्रवारी आणि शनिवारी मी त्या कारखान्यात होतो. तिथे आधी बांधणीचे पुठ्ठे तोडून एका बाजूला टाकतात आणि आतला कागद हौदात सोडतात. मुकादमाने मला म्हातारा म्हणून स्टूल दिलं आणि उरलेला ढीग दाखवला. माझ्याच हातचे पुठ्ठे होते, कापडाची दुमड बघून मी ओळखत होतो. लाल, निळे, तपकिरी. दोन दिवस एकेक उलटून पाहिला. हिरवा सापडला नाही. पुठ्ठ्यांच्या दोन गाड्या आधीच आत गेल्या होत्या.

आणि रविवारी तुझा फोन आला. हवामान झालं, गोळ्या झाल्या, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू विचारलंस की आईने माझ्यासाठी काही ठेवलं होतं का? तुझ्या लेकीने आजीबद्दल विचारलं आणि तुझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं, म्हणालीस. मी नाही म्हणालो. वाळवी, ठेवलं होतं. तू मावशीकडे होतीस तेव्हा ती रोज तुला आण म्हणायची आणि मी रोज उद्या म्हणायचो. उद्यावर तिचा विश्वास उरला नाही, तेव्हा तिने तुझ्यासाठी पत्र लिहिलं, पोर आली की लगेच दे म्हणून माझ्या हातात दिलं. मला धीर झाला नाही. घरात लपवावं, तर तू सगळी कपाटं उचकायचीस. वर्षभराने ते ट्रकचं पुस्तक तू वाचून वाचून खिळखिळं केलंस आणि ते दुरुस्तीला आलं, तेव्हा मी पुठ्ठा मधोमध चिरला, पत्र आत ठेवलं आणि वर हिरवं कापड चिकटवलं. म्हटलं, तुझ्या हातातच राहील. अठरा वर्षांची झालीस की तुझ्यासमोर उघडीन. सतराव्या वर्षी तू गेलीस. नंतर दर गुरुवारी वाटायचं, ती परत आली की उघडू, तिच्याशिवाय कशाला. तू ते पुस्तक त्यानंतरही कितीदा नेलंस, पोटावर ठेवून झोपलीस. सोबतच्या खोक्यात सगळे फर्मे पाठवतोय, सगळ्यांच्या आया त्यात आहेत, तुझी नाही. आत काय लिहिलं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ते वाचलं नव्हतं. तुझं होतं ते. पेन्सिलीने लिहिलेली चार पानं, एवढंच मी पाहिलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिने एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले होते, माझ्या हातून एखादं गळू नये म्हणून.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
बाबा