बारा चाली आणि बारा बोळे

ता. ६ मार्च १८६४, रविवार. सकाळी साडेसात.

हार्मोनियमच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसत होतो. एकोणचाळिसाव्या पट्टीवर होतो तेव्हा नागपूरचा गाडीवान पाद्रीसाहेबांची चिठ्ठी देऊन गेला. ईस्टरला, म्हणजे सत्तावीस तारखेस, साहेब व मडमसाहेब अमरावतीस येणार. मडमसाहेब स्वतः वाद्य उत्तम जाणतात आणि माझ्या 'बारा चाली' ऐकण्यास उत्सुक आहेत. त्यानंतर पेटी व गायनमास्तर येथेच ठेवावे, की पेटी अकोल्याच्या ख्रिस्ती मंडळीस देऊन येथील जागा बंद करावी, हे ठरेल.

चिठ्ठी तीनदा वाचली. अक्षर सुंदर आहे. भीती वाटली नाही. न्याहारी केली नाही, पण ती भूक नव्हती म्हणून.

बारा चालींचा हिशेब येथे एकदाच लिहितो, म्हणजे मन स्वच्छ राहील. मागच्या मडमसाहेब आजारी होऊन विलायतेस गेल्या, त्यापूर्वी त्यांनी मला आठ दिवसांत दोन चाली शिकवल्या. एक लांब, एक आखूड. दोन्ही मला हळू, मध्यम आणि जलद वाजवता येतात. झाल्या सहा. भाता एका पायाने मारून आणि दोन्ही पायांनी मारून. झाल्या बारा. नोकरीच्या अर्जात 'बारा चाली येतात' असे लिहिले होते, ते खोटे नाही.

ता. ९, बुधवार.

मंडळीत दोन तट पडले आहेत. हे साहेबांच्या कानी गेले तर दोष माझ्यावर येईल, म्हणून मीच तोडगा काढणार.

एका बाजूस नत्थुजी. आमच्या आठ घरांतला पहिला बाप्तिस्मा त्यांचा. त्याआधी गावोगाव भजने करीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी झांजा फडक्यात बांधून फळीवर ठेवल्या, त्या अजून तेथेच आहेत. त्यांचे म्हणणे, जुन्या साहेबांनी शिकवलेल्या चाली काढाव्यात. दुसऱ्या बाजूस मनकर्णाबाई. विधवा आहे, चरकीवर कापसातली सरकी काढते, तोंडाने फटकळ. तिचे म्हणणे, जात्यावरच्या ओवीच्या वळणाच्या नव्या चाली बसवाव्यात. एक म्हणतो जुने, एक म्हणते नवे. मध्ये मी.

ईस्टरसाठी सहा गीतांची यादी केली. तीन जुन्या पद्धतीची, तीन नव्या. एकाआड एक. रेघा पट्टीने मारल्या. आता कोणास तक्रारीला जागा नाही.

ता. १३, रविवार. दुपारी.

तालीम झाली. जुन्या पद्धतीचे गीत लांब चालीवर हळू वाजवले. नव्या पद्धतीचे गीत लांब चालीवर जलद वाजवले. फरक स्पष्ट होता. तरी मनकर्णाबाई सर्वांदेखत म्हणाली, "मास्तर, हे तं मघाचंच हाये." तिला कान नाही हे मी मनात ठेवले.

बाहेर पडताना नत्थुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "दुसरी काढ बाप्पा. कोणतीबी." ते जुन्यांच्या बाजूचे असल्यामुळे याचा अर्थ मी 'आणखी हळू' असा घेतला.

नव्या पद्धतीसाठी ढोलकी हवी. सूर्यभानला विचारले. तो मंडळीचाच आहे, पण आता गाडीवर कापसाच्या गठाणी चढवायला रोज बारा आणे मिळतात. म्हणाला, देवासाठी फुकट वाजवीन, तालमीसाठी रुपया पडेल. आगाऊ दिला. विलायतेत कापूस मिळेनासा झाल्यापासून वऱ्हाडात सगळ्यांचाच भाव वाढला आहे. माझाच तेवढा महिना सात रुपये आहे.

ता. १८, शुक्रवार.

तळहात सारखे ओले होतात. ऊन फार आहे.

निश्चय: नऊ दिवसांत तिसरी चाल स्वतःच शोधून काढणे. सकाळी दोन तास बसलो. जी निघाली ती आखूड चाल होती, फक्त शेवटाकडून.

ता. २२, मंगळवार.

उद्या होळी. सूर्यभानची ढोलकी शिमग्यात गुंतली आहे, शनिवारपर्यंत मिळणार नाही. शिमगा आणि ईस्टर एकाच आठवड्यात यावेत ही पंचांगाची चूक आहे, माझी नव्हे.

जागा बंद झालीच तर कोठे जायचे याचा शांतपणे विचार केला. चांदूर बाजारला आमची वांग्या-मिरच्यांची वाडी आहे. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी बापाने, खुशालरावांनी, माझ्या नावाने पाणी सोडले. मी पाणी प्यायचो तो तांब्या मायने आगीतून काढला. म्हणजे चांदूर बाजार नाही. अंजनगावास मामा आहे. तोही नाही. अकोल्यास कोणाला ओळखत नाही. विचार शांतपणे पूर्ण झाला. मग पेटी पुन्हा पुसली.

ता. २४, गुरुवार. दुपारी तीन.

धुळवड. सगळे बाहेर होते, म्हणून पेटीच्या संरक्षणाचे काम उरकले.

बाजारात गाड्या चालल्या की रुई उडते. उडालेली रुई पेटीत शिरली तर सूर बिघडतात. ती शिरू नये म्हणून आतल्या जागेत अगोदरच रुई भरून ठेवणे हा उपाय मला सुचला. सूर्यभानकडून अर्धा शेर रुई घेतली, उधार, दहा आणे. पूर्वी एवढ्या पैशांत गादी झाली असती. तराजूवर तोलून बारा सारखे बोळे केले. मागची फळी उघडून एकेक नीट बसवला.

मग तपासले. लांब चाल वाजत नाही. आखूडही वाजत नाही. पेटी पूर्ण सुरक्षित आहे.

साहेबांसमोर बोलायचे वाक्य पाठ केले: 'यंदा वऱ्हाडात कापसाचे फारच झाले आहे, साहेब.' आरशात पाहून दुःखाने म्हटले. बरे जमले.

ता. २६, शनिवार.

साहेब आणि मडमसाहेब आले. दोघेही प्रेमळ वाटतात. याची सर्वांत जास्त भीती वाटते.

ता. २७, रविवार. ईस्टर. संध्याकाळी लिहितो आहे.

आठही घरांची माणसे आली. तेवीस डोकी. सूर्यभानच्या ढोलकीवर गुलाल होता, पुसूनही जात नव्हता. मी पेटीजवळ बसलो, भाता मारला, पट्टी दाबली. फूस असा आवाज झाला. पाठ केलेले वाक्य बोललो. दुःख बरोबर आले.

साहेबांनी मान हलवली. मडमसाहेबांनी मात्र हातमोजे काढले, पेटीच्या मागे गेल्या, फळी उघडली आणि एक बोळा बाहेर काढून बाकावर ठेवला. मग दुसरा. सगळे सारख्या आकाराचे. मी मनात मोजत होतो. अकरावा ठेवून त्यांनी हात झटकले आणि फळी लावू लागल्या.

मी म्हणालो, "अजून एक आहे."

का म्हणालो ते कळत नाही. मोजणी अपुरी राहिलेली मला बघवत नाही.

साहेब माझ्याकडे वळले. मग विचारले, तुला चाली किती येतात? मी म्हणालो, हळू, मध्यम आणि जलद धरून... आणि बोटांवर मोजू लागलो.

नत्थुजी उठले. "दोन येतात साहेब त्याले. आमाले पयल्या रविवारीच समजलं. वर्षभर आमी सारे गाणे त्या दोनातच कोंबून रायलो."

मनकर्णाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "त्यातली एक अर्धीच हाये."

बायका हसल्या. साहेबांनी विचारले, मग जुन्या चाली की नव्या, यावरून तुमच्यात भांडण आहे असे ऐकले, ते काय?

"भांडण कायचं," मनकर्णाबाई म्हणाली. "जुनी म्हना का नवी म्हना, आमाले तिसरी पायजे होती."

साहेबांनी विचारले, हे आम्हाला कळवले का नाही? नत्थुजी जमिनीकडे पाहून म्हणाले, "कळवलं असतं तं पोरगं जाणार कुठी? त्याच्या बापानं पाणी सोडलं त्याच्या नावानं. माह्याबी बापानं सोडलं होतं. मले मालूम हाये."

मी यादी उघडून तिच्याकडे पाहत राहिलो. रेघा सरळ होत्या.

मग पेटीशिवायच उपासना झाली. नत्थुजींनी जुन्या साहेबांची अशी एक चाल काढली जी मी कधीच ऐकली नव्हती, आणि ती सगळ्यांना येत होती. मनकर्णाबाईने पुढचे गीत ओवीवर घेतले, सूर्यभानने ढोलकी धरली. मडमसाहेबांचा पाय हलत होता. सहा गीते झाली. दोन जुनी, तीन नवी. पाचवे नत्थुजींनी जुन्या चालीत उचलले आणि मध्येच मनकर्णाबाईने जात्यावर नेले. नत्थुजी थांबतील असे वाटले. ते थांबले नाहीत, तिच्या मागे गेले. ते गीत कोणत्या बाजूस मांडावे ते ठरवता आले नाही. यादीत जागा मोकळी सोडली आहे.

बारावा बोळा सापडला नाही.

ता. २८, सोमवार. संध्याकाळी.

पेटी दुलईत गुंडाळून साहेबांबरोबर अकोल्याच्या रस्त्याला लागली. गाणे मनकर्णाबाई सांगेल. मी येथेच राहीन, मुलांना अक्षरे शिकवीन, उपासनेच्या आधी सतरंजी घालीन आणि नंतर उचलीन. एकंदरीत साहेबांनी माझ्यावर अधिक जबाबदारी टाकली आहे. पगार पाच रुपये.

बारावा बोळा अकोल्यास कोणी काढील तेव्हा काय होईल, याचा विचार करायचा नाही असे ठरवले. सकाळपासून चारदा ठरवले.

अकरा बोळे सूर्यभानला परत न्यायला गेलो. म्हणाला, वापरलेली रुई, पाच आणे धरीन. दुपारी मनकर्णाबाईने निरोप पाठवला आहे, सतरंजी घालून झाली की मागे बसून ऐकत जा, रविवारी एक तरी नवी उचल.

खर्च: पेटी पुसण्याचे फडके, एक आणा. ढोलकी, तालमीचा एक रुपया, ढोलकीची तालीम झाली नाही. एकूण एक रुपया एक आणा.

देणे: सूर्यभानास रुईचे दहा आणे, वजा पाच. बाकी पाच आणे.

मंडळीस देणे: चाली दहा.