देव्हाऱ्यातली फ्लॉपी

ताडकळस,
बुधवार, २ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. सुमन हिला आईचा आशीर्वाद.

जावईबापू, लेकरं खुशाल असतील. आम्ही होतो तसेच. माझे दात तेवढे दोन कमी झाले. नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या म्हणून पत्र नाही, असं लिहायला सांगणार होते. पण दोन वर्षं काही एसट्या बंद नव्हत्या.

लिहिणारी तुझी भाची कावेरी. माझं बोलणं धुऊन-पुसून लिहिते. परभणीला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते आता.

संक्रांतीला तुझ्या भावाने, भुजंगाने, एक काळी चपटी डबी आणली. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "फ्लॉपी हाय माय. तुझं मृत्युपत्र हाय हिच्यात." जमिनीचा कागद म्हटल्यावर मी ती देव्हाऱ्यात ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. कुंकू आत गेलं अन् कागद बिघडला. भुजंगाने डबी उकिरड्यावर फेकली, पण मला एक शब्द बोलला नाही. सुमे, जन्मात तो गप्प राहून चिडलाय का?

मी ती उचलून कावेरीला दिली. माझाच कागद मला कुणी वाचून दाखवला नव्हता.

तिच्या सरांकडे बिघडलेल्या फायली नीट करणारा प्रोग्राम आहे. फुटलेले तुकडे वेचतो, एकाला एक जोडतो, जमेना तिथे चौकोनी खुणा सोडतो. मी म्हटलं, माझी गोधडीच की. कावेरी हसली नाही.

"वाच की गं. दातखीळ बसली का?"

"आजी, हे मृत्युपत्र न्हाई. तलाठ्याला द्यायचा वारसाचा अर्ज हाय. बाबांच्या नावानं."

सगळीकडे खुणाच खुणा, पण एवढं धड निघालं: 'माझी आई सरजाबाई ही दिनांक … फेब्रुवारी १९९४ रोजी वृद्धापकाळाने वारली. मला बहीण नाही. मी एकटाच वारस.'

मी विचारलं, "तारीख तेवढी जोडता आली न्हाई व्हय?"

"न्हाई आजी. ती जागा रिकामीच सोडलीय."

भुजंग हल्ली लय मायाळू झालाय. पाय चेपतो. पुढच्या गुरुवारी, दहा तारखेला, मोटारसायकलवर परभणीला डोळे दाखवायला नेतो म्हणतो. म्हटलं, एक लुगडं सोबत घेते. "कशाला माय? उगं वझं." त्याच दिवशी कावेरीला अन् तिच्या आईला आजोळी धाडायचं ठरवलंय त्याने.

असतीलही डोळेच दाखवायचे. पोटच्या लेकाबद्दल असं मनात आणावं का?

अक्षर फिसकटलंय ते समजून घे. पोरीचा तो बाप आहे.

एक गोष्ट मघापासून तोंडात घोळवतेय. 'मला बहीण नाही' हे त्याने लिहिलं, पण आधी मी बोलले. विहिरीकडचं शेत तू मागितलंस तेव्हा, ओसरीवर, चार माणसांत: "आजपासून मला लेक न्हाई." तू ताटावरून उठून गेलीस. त्याने ते नीट ध्यानात ठेवलं.

गुरुवारच्या आत ये. उत्तर पाठवू नको, घरातली पत्रं भुजंग आधी वाचतो. भांडायलाच ये, म्हणजे कुणाला शंका येणार नाही. ते तुला शिकवावं लागत नाही. चावडीपुढे उभी राहून माझ्या नावाने ओरड. मी बाहेर येऊन तुझ्याहून मोठ्याने ओरडेन. दोघी आहोत, एवढं गावाने ऐकलं पाहिजे.

आज बुधवारी जिती असलेली,
तुझी आई