अण्णांची ट्रॉली

सौ. शालन,

सिलिगुडीहून रंगनाथचा नमस्कार. बायकोला नमस्कार लिहितोय म्हणून हसशील, तर हस.

तब्येत बरी आहे. शोधली की पोळीही मिळते. आपल्या वेदिकाचा खोकला गेला का?

फोनवर बोलत नाही, कारण आपल्या कांद्याच्या खळ्यावर तुझ्याभोवती दहा कान असतात. आपला ड्रायव्हर परत येतोय, त्याच्या हाती हे देतोय. बाकीचे ट्रक बांगलादेशच्या सीमेवर अडकलेत आणि कांद्याला मोड फुटू लागलेत. सुटतील म्हणतात.

तू मात्र पिंपळगावच्या लिलावाला रोज उभी राहा. आपण दिसलो नाही, की बाकीच्या व्यापाऱ्यांना लगेच वास लागतो. बोली बोल, पण शेवटची बोली दुसऱ्याची होऊ दे.

तुझे अण्णा ट्रॉली घेऊन आले, तर मात्र तोंडच उघडू नकोस. जावयाच्या पेढीने बोली लावली, की सासऱ्याच्या मालावर कुणी वर चढत नाही, सगळे मानाने गप्प बसतात. मग तो कांदा आपल्याच गळ्यात.

अण्णा रुसतील. रुसू दे. दुसऱ्याने घेतला, तर त्यांचे पैसे तरी बुडणार नाहीत.

काळजी करू नको म्हणणारा,
रंगनाथ