डॉक्टरांनी फक्त धूर बंद केला

२५ सप्टेंबर, बुधवार

"धूर बंद. आजपासून. पूर्ण." डॉक्टर एवढं बोलले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रांगेत तीन तास, ऐकायला चार शब्द. छातीच्या फोटोत अण्णांची फुफ्फुसं उसवलेल्या पोत्यासारखी दिसतात. आहेत तेवढीच सांभाळायची.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी. आमची येडशी जवळ आली. मग म्हणाले, "धूर बंद म्हणाला. गांजा बंद न्हाय म्हणाला."

मागच्या सीटवरची बाई खोकली. तिला काही दमा नव्हता.

अठ्ठ्याहत्तर वर्षं वय. पाटबंधारे खात्यात कालव्याची गेटं उघडण्या-मिटण्यात नोकरी गेली. चाळीस वर्षं रोज दिवेलागणीच्या आधी गुरुलिंगअप्पांच्या पेंडीच्या गोदामाच्या ओट्यावर दोघांत एक चिलीम. आणि मी त्यांचा मुलगा — धाराशिवला कॉलेजात ग्रंथपाल, दर रविवारी पेपरात तिरकस सदर, शिवाय तालुका व्यसनमुक्ती समितीचा चिटणीस. वरच्याला सदर लिहायची गरज नाही. तो थेट माणसंच लिहितो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णांचा तोडगा तयार: चिलीम ओढायची नाही, भांग खायची. "नाहीतर परत ओट्यावर जातो," ही पुस्ती. वर्षाराणी पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही जिल्हा सुधारा. घर मी बघते." बायको मास्तरीण असली की टोमणाही शुद्धलेखनासकट येतो.

शेवटी आमच्या लायब्ररीतला शिपाई शिवशरण, त्यालाच विचारलं. कोणत्या तोंडानं विचारलं ते इथं लिहीत नाही. त्यानं फरक सांगितला, परीक्षेला बसावं इतका नीट. "सर, चिलीम म्हणजे फटफटी. किक मारली की चालू, पेट्रोल संपलं की बंद. भांगेची गोळी म्हणजे बैलगाडी. निघती उशिरा. पण एकदा निघाली की बैल तुमचं ऐकत न्हायत."

"लेखासाठी विचारतोय," मी म्हणालो.

"सगळे लेखासाठीच विचारतात, सर."

२ ऑक्टोबर, बुधवार

व्यसनमुक्ती सप्ताहाचं उद्घाटन. शाळेच्या मैदानात चारशे पोरांना शपथ दिली. उजवा हात पुढं. डावा खिशात — शिवशरणनं दिलेल्या दोन गोळ्यांवर. घामानं कागद ओला झाला होता.

दुपारी दोनला अण्णांना एक गोळी दुधातून दिली. तीन वाजले. काही नाही. "ह्यात नुसता पाला हाय. चिलमीत कसं, माणूस समोर येऊन बोलतंय. ही मनीऑर्डर. पाठवली म्हणं, पोचली कुठं?" मी चहा टाकायला उठलो. तेवढ्यात त्यांनी दुसरी गिळली. मला ती उशीखाली ठेवायची अक्कल सुचली होती. त्यांच्याच उशीखाली.

पाचच्या सुमारास दोन्ही मनीऑर्डरी एकदम आल्या.

आधी पंख्याकडं बघत हसले. मग एकदम उठून बसले. अंगाला कापरं. "गेट उघडं राह्यलंय. रान बुडालं लोकांचं. जा, बंद कर." मी म्हणालो, अण्णा, तुम्ही घरात आहात. माझी गचांडी धरली. या हातात एवढी ताकद अजून आहे हे मला माहीत नव्हतं. अंगणात गेलो, नळ सोडला, बंद केला, परत आलो. "केलं बंद."

"किती आटे?"

"सोळा."

"आजून दोन घे. पाझरतंय."

परत गेलो. खरोखरच अंगणात जाऊन उभा राहिलो, कुणी बघत नसताना. दोन आटे मोजले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. अण्णा दुपारी एकला उठले. तोपर्यंत मी दर अर्ध्या तासाला त्यांच्या नाकाखाली बोट धरून बघत होतो. उठल्या उठल्या म्हणाले, "मटण कर म्हणावं." घरात सगळ्यांचा उपास.

६ ऑक्टोबर, रविवार

सनदशीर मार्ग. वैद्यांची चिठ्ठी, दुकानाचं बिल, गोळ्यांच्या बाटलीवर लेबल. तीच वनस्पती, पण नाव विजया, आणि जेवणानंतर कोमट पाण्याशी. अण्णांनी एक जिभेवर ठेवली आणि तळहातावर परत घेतली. "हिला दवा केली यांनी. मेली ही."

अर्पिताचा पुण्याहून फोन. लेक शिकलेली, तिनं वाचलंय — धूर न होता नुसती वाफ देणारं मशीन असतं, आजोबांना चालेल. अण्णा नेब्युलायझर लावून बसले होते. मुसकं बाजूला करून म्हणाले, "वाफ तर रोज दोनदा घेतोच की. कुठं काय चढतंय?" मी कायदा सांगितला. गांजा कसाही घ्या, गुन्हा तो गुन्हाच. ते म्हणाले, "तू समितीत हायस न्हवं? मग परवानगी काढ."

रविवारचं सदर पाठवलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जे व्हायचं तेच. संध्याकाळी अण्णा ओट्यावर गेले. दोन झुरके, आणि खोकल्याची अशी उबळ, की श्वास वर चढला तो खाली येईना. गुरुलिंगअप्पांनीच रिक्षात घालून आणलं. ओठ जांभळे. धाराशिवला दाखल. ऑक्सिजन.

तरुण डॉक्टरनं मला निरखून बघितलं. "तुम्ही ते व्यसनमुक्तीवाले ना? आमच्या कॉलेजला आला होतात. छान बोलला होतात तुम्ही."

१४ ऑक्टोबर, सोमवार

अण्णा घरी आले. झोपले. मी गोदामावर गेलो.

गुरुलिंगअप्पा पेंडीच्या पोत्यावर बसलेले, कपाळाला विभूती, पायात एकच चप्पल. मी सगळं भाषण तयार करून नेलं होतं. तुम्ही मित्र आहात की कोण, वगैरे. त्यांनी मध्येच हात वर केला.

"भागवत, मी कुठं ओढतो? आठ वर्षं झाली सोडून. तो भरतो, मी हातात घेतो, परत देतो. धूर त्याचा, बसणं माझं."

"मग देता कशाला परत?"

"एकट्यानं ओढायची नसती चिलीम. आमच्यात ते न्हाय. दुसरा हात लागतो."

मला दिसलं ते एवढंच: दुसरा हात काढला की चिलीम बंद. तोडगा! समोर, फुकट. म्हणालो, "अप्पा, तुम्ही ओट्यावर येऊ नका. त्यांच्या जिवासाठी."

त्यांनी बराच वेळ पेंडीचा तुकडा बोटांत चुरला. मग कानडीत म्हणाले, "आयतु." ठीक आहे. आणि मराठीत, "जिवासाठी म्हणतोस तर कसं न्हाय म्हणू."

परत येताना मी शीळ घालत होतो. हे इथं लिहून ठेवतो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अण्णा काठी टेकत ओट्यावर जाऊन आले. कुणी नव्हतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आजही. चिलीम भरून, फडकं ओलं करून, मांडीवर ठेवून बसले होते. रस्त्यापलीकडून बघितलं. पेटवली नाही. अंधारायला लागल्यावर झटकून रिकामी केली, घरी आले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

खोकला कमी. विचारलं, "गुरुलिंग आजारी हाय का?" मी म्हणालो, लेकीकडं गेलेत. माझ्या तोंडून खोटं इतकं सफाईनं येतं. एवढी वर्षं लोकांच्या खोट्यावर लिहून हात बसलाय.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणी. नळीत फुंकायला लावलं. आकडा वाढलाय. डॉक्टर खूश, माझ्याशी हात मिळवला. अण्णांना म्हणाले, "बघा आजोबा, दहा वर्षं वाढवली तुमची."

अण्णांनी विचारलं, "कशाला?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. घरात विनोद मी करतो, ते करत नाहीत.

२८ ऑक्टोबर, सोमवार

ओट्यावर जाणं बंद. चिलीम देवळीत ठेवलीय. जेवण अर्ध्या भाकरीवर. श्वास लख्ख, एकसारखा. रात्रभर ऐकू येत नाही इतका. वर्षाराणी म्हणाली, "तुम्ही त्यांचा खोकला घालवला तो ठीक. बाकीचं कुठं घातलंत?"

३० ऑक्टोबर, बुधवार

गोदामावर गेलो. अप्पांना म्हणणार होतो, या परत. नुसते बसा. वाटल्यास मी पाया पडतो.

ओट्यावर गुरुलिंगअप्पांचा मुलगा बसवेश पोती मोजत होता. "अप्पा तर आळंदला गेले, शिवरंजनीताईकडं. कर्नाटकात. परवाच. इथं संध्याकाळचं करमंना म्हणले." कधी येणार? "कपडे सगळेच नेलेत, काका."

म्हणजे माझं खोटं खरं झालं. लेकीकडं गेलेत.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. ओवाळणं झालं. संध्याकाळी अण्णांना म्हणालो, चला, ओट्यावर बसू. मी येतो.

बसलो. पुढं काय करायचं ते मला येत नाही. नव्या सदराचा विषय सांगितला, निवडणुकीचा. दोन कोट्या केल्या, पेपरात नक्की चालल्या असत्या. अण्णा समोरच्या रेल्वेच्या रुळांकडं बघत होते. "तू लिहितोस बरं," ते म्हणाले. "बसता येत न्हाय तुला."

मग मीच सांगून टाकलं. अप्पांना मी अडवलं होतं.

"ठाऊक हाय. जायच्या आधी घरी येऊन सांगून गेला. त्याला खोटं जमत न्हाय."

"मग तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?"

"तू माझ्या जिवासाठी केलंस म्हणला तो. मग काय बोलू?"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. शिव्यांना माझ्याकडं उत्तर असतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

अण्णा घरात नाहीत. सकाळी सातला फिरून येतो म्हणाले, नऊ वाजले तरी नाहीत. रामलिंगाच्या देवळाच्या वाटेवर बघितलं, स्टेशनवर बघितलं, दवाखान्यात फोन केला. दोन धोतरं, इन्हेलर आणि गोळ्यांचा डबा नाही. चिलीम देवळीत तशीच. फाट्यावरचा पानवाला म्हणाला, "तुमचे अण्णा? सोलापूर गाडीत बसले की. मी हात दिला चढताना. चांगले चढले, दम पण लागला न्हाय."

दम लागला नाही. हे माझं कर्तृत्व.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी आळंदहून शिवरंजनीचा फोन. "भाऊ, काका काल अंधार पडता पडता पोचले. तीन गाड्या बदलून. आता अप्पा आन् ते दोघं बाहेर ओसरीत बसलेत. कालपासून बसलेतच." मी म्हणालो, मी उद्या न्यायला येतो, त्यांना सांगा. तिनं फोनवर हात धरला. पलीकडं काहीतरी बोलणं. मग ती जरा चाचरत म्हणाली, "काका म्हणतात, येऊ नको. पेन्शनचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला इथनं काढून पाठवला तर चालतो का, एवढं हापिसात विचार म्हणतात. दर वर्षी."